मागच्या बैठकीवरचा आवाज

एकदा एका घाटाच्या पायथ्याच्या गावी एक वृद्ध वस्ताद मोटारसायकली दुरुस्त करीत असत. त्यांच्या गॅरेजवर पाटी नव्हती आणि तिची गरजही नव्हती, कारण घाट उतरून येणारी प्रत्येक कुरकुरणारी गाडी आपोआपच त्यांच्या दारात थांबे. त्यांच्या हाताखाली एक शिष्या होती. तीन वर्षांपूर्वी ती शिकायला आली तेव्हा गल्लीने चार दिवस नवल केले. पाच महिन्यांपूर्वी तिचे लग्न झाले आणि लग्नाच्या सातव्या दिवशी ती पुन्हा पान्हा घेऊन हजर झाली, तेव्हा गल्लीने आठ दिवस नवल केले. ती बोलायची कमी, पण तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

त्या गॅरेजचा एक रिवाज होता. गाडीचे काम ज्याने केले त्यानेच गिऱ्हाइकाच्या हाती किल्ली द्यायची. शिकणाऱ्याने एखादे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने पार पाडून आपल्या हाताने किल्ली दिली, की त्या क्षणापासून तो ‘मिस्त्री’. तोवर ‘अरे पोरा’ किंवा ‘अगं पोरी’. शिष्येला तीन वर्षे ‘पोरी’ ऐकून झाली होती. सासरची मंडळी तर अजूनही पाहुण्यांना सांगत, की सूनबाई गाड्यांत हवा भरते.

एके दिवशी गुळाचा एक मोठा व्यापारी आपली मोटारसायकल घेऊन आला. गाडी लांबच्या प्रवासाची, वजनदार, वीसेक वर्षांची. समोर वारा अडवणारे रुंद कवच आणि काच, दोन्ही बाजूंना डिक्क्या. कवचात तळहाताएवढे दोन स्पीकर होते, पण त्यांचे कागद फाटून लोंबत होते. गुळाचा हंगाम सरला, की शेठ दर वर्षी पत्नीला मागे बसवून पंधरा दिवस फिरायला जात. या वर्षी त्यांना गाडीवर उत्तम आवाज हवा होता.

“वस्ताद, खर्चाचं बघू नका. पण आवाज असा पाहिजे, की माणसानं वळून बघितलं पाहिजे,” शेठ म्हणाले. मग जरा खालच्या पट्टीत म्हणाले, “आमची ही आहे ना, गाडीवर बसली की तोंड मिटते. गेल्या वर्षी गोकर्णापर्यंत जाऊन आलो, एक शब्द नाही! निदान गाणी तरी सोबतीला असू देत.”

वस्तादांनी शिष्येकडे बोट केले. “काम ही करील. सगळं हिचं.”

शेठांनी तिच्याकडे असे पाहिले, जसे ते ओलसर ढेपेकडे पाहत असावेत. पण वस्तादांपुढे बोलायची सोय नव्हती.

शिष्येने आठ दिवस जीव ओतला. जुन्या गाडीची वीज किती, ती किती भार पेलेल, हे तिने आधी मोजले. बॅटरीपासून स्वतंत्र तार ओढली, तिला फ्यूज लावला, अँप्लिफायर बैठकीखाली असा बसवला की पाण्याचा थेंब पोहोचू नये. नवे स्पीकर दुप्पट मोठे होते. त्यांच्यासाठी कवचातली भोके तिने कानसीने इतकी गुळगुळीत वाढवली, की ती मुळातलीच वाटावीत. कवच उतरवले तेव्हा तिला आणखी एक गोष्ट दिसली. आतले रबर सगळे वाळून तडकले होते, पट्ट्या सैल झाल्या होत्या, काचेचे स्क्रू बोटाने फिरत होते. क्षणभर ती थबकली. मग तिने मनाशी म्हटले, एवढा दणदणीत आवाज होणार आहे, त्यात ही खडखड ऐकणार कोण? आणि तिने कवच पुन्हा बसवले.

नवव्या दिवशी दुपारी शेठ पत्नीसह गाडी न्यायला आले. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचे होते. शिष्येने गाडी दारात डबल स्टँडवर उभी केली आणि सनईची ध्वनिफीत लावली. पहिला सूर निघाला आणि शेजारचा शिंपी मापाची पट्टी गळ्यात तशीच घेऊन बाहेर आला. समोरच्या टपरीवर पेल्यांतला चहा थरथरला. शेठ दोन्ही हात कमरेवर ठेवून, चारी दिशांना, जणू स्वतःच सनई वाजवीत असल्यासारखे पाहू लागले.

“वा!” टपरीवाला ओरडला. “शेठ, आता दुसरी बायको करा, वरात फुकटात होईल!”

“पहिलीला विचारा आधी,” शेठाणी म्हणाल्या. पण सनईत ते कोणाला ऐकू गेले नाही. शिष्येने मात्र त्यांचे ओठ पाहिले होते.

तिची छाती अभिमानाने भरून आली होती. तिने किल्ली काढली, पदराला पुसली आणि शेठांकडे हात पुढे केला. एवढ्यात वस्ताद उठले. त्यांनी बैठक उचलली, फ्यूज उपटला आणि शर्टाच्या खिशात टाकला. सनई मध्येच तुटली.

“पोरी, किल्ली तुझ्याकडंच राहू दे. शेठ, हेल्मेट घाला आणि मागं बसा.”

“मागं? माझ्या गाडीवर?”

“तुमच्याच. ही चालवील. तिसऱ्या वळणावरच्या पिंपळापर्यंत जायचं आणि यायचं.”

“आणि आवाज?”

“आवाज खिशात आहे,” वस्ताद म्हणाले.

शिष्येचे तोंड उतरले. कामात काय चुकले हे सांगावे, चारचौघांत बोलावे, पण असे मुक्याने फ्यूज काढून घेणे? तिला ते लागले. ती मुकाट्याने स्वार झाली. मागे शेठ बसले. इतक्या वर्षांत आपल्याच गाडीवर मागे बसण्याची त्यांची ती पहिलीच वेळ, त्यामुळे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना.

घाट सुरू झाला. सनई नसल्याने आता गाडीच काय ती बोलत होती, आणि ती एक ना अनेक तोंडांनी बोलत होती. शिष्येला एकेक तोंड ओळखता आले: ही डाव्या पट्टीची खडखड, ही काचेची शीळ, हा डिक्कीच्या कडीचा टणत्कार. आपणच पाहिलेले आणि आपणच झाकलेले. पहिल्या वळणावर शेठांनी तिच्या खांद्यावर थापटले. मागे बसावे लागल्याने चिडलेल्या माणसालाही आपले चालवणे आवडले, असे वाटून तिला धीर आला आणि तिने वेग किंचित वाढवला. दुसऱ्या वळणावर त्यांनी आणखी जोरात थापटले. तिने आणखी वाढवला.

परत आल्यावर शेठ गाडीवरून उतरले ते थेट वस्तादांवरच.

“ही चालवायची पद्धत झाली? शंभरदा सांगितलं, हळू चालव म्हणून! ओरडून घसा बसला. ही पोरगी ऐकेल तर शपथ!”

शिष्या चकित झाली. तिने एक शब्दही ऐकला नव्हता.

तेव्हा शेठाणी स्टुलावरून उठल्या. “मग तिच्या खांद्यावर थापटलंत का?”

“थापटलं ना! दोनदा!”

“मग तिनं काय केलं?”

“आणखी जोरात सोडली!”

“हां,” शेठाणी म्हणाल्या. “तुम्हीपण अस्संच करता. मी शाबासकी देतेय असं वाटतं तुम्हाला.”

टपरीवाल्याने हसू दाबायला चहाचा घोट घेतला आणि त्याला ठसका लागला.

“म्हणजे... तू बोलतेस? गाडीवर?”

“पहिली सात वर्षं रोज बोलले. मग पुढची काही वर्षं थापटत होते. आता नुसती धरून बसते.”

मग वस्तादांनी शिष्येला जवळ बोलावले. त्यांचा स्वर नेहमीसारखाच होता, ना कडक ना मऊ.

“काम चोख झालंय. तार, जोड, भोकं, कुठं बोट ठेवायला जागा नाही. पण आपल्या धंद्यात सगळे एकच चूक करतात. आवाज बसवतात आणि उभ्या गाडीवर ऐकतात. उभी असली की कुणाचीही गाडी गाते. आता सांग, आतलं रबर गेलेलं तुला दिसलं होतं?”

शिष्येला खोटे बोलता आले असते. “दिसलं होतं,” ती म्हणाली.

“मग?”

“वाटलं, एवढ्या आवाजात बुडून जाईल.”

“बुडते. खडखड बुडते, यात शंका नाही. पण ती एकटी बुडत नाही, पोरी. तिच्याबरोबर मागच्या माणसाचं बोलणंही बुडतं. ज्याच्या गाडीला खडखड आहे, त्याला आवाज वाढवावासा वाटणारच. आणि जितका वाढवील तितकं त्याला वाटत राहील, की मागचं माणूस मुकं आहे. शेठ सोबत मागायला आले होते. सोबत त्यांच्याजवळ होती. आपण तिच्या तोंडावर आणखी दोन स्पीकर बसवले.”

शेठ खजील झाले होते, पण व्यापारी माणूस. खजील होऊनही घड्याळाकडे पाहिलेच. “बरं, समजलं वस्ताद. यापुढं मी सांभाळून चालवीन. पण उद्या पहाटे निघायचंय, सगळी तयारी झालीय. फ्यूज लावा आणि हिला किल्ली देऊन टाकू द्या.”

वस्तादांनी खिशातला फ्यूज काढून शिष्येच्या तळहातावर ठेवला आणि ते आपल्या जागेवर जाऊन बसले. आता फ्यूजही तिच्याकडे होता आणि किल्लीही. तीन वर्षे जिची वाट पाहिली ती गोष्ट हात लांबवण्याएवढ्या अंतरावर होती.

“किल्ली आज मिळणार नाही, शेठ,” ती म्हणाली.

“अगं, पण मीच म्हणतोय ना दे म्हणून!”

“तुम्ही म्हणताय. गाडी म्हणत नाही अजून. तीन दिवसांनी या.”

“घ्या!” टपरीवाला म्हणाला. “होता होता मिस्त्री राहिली की ही!”

शिष्येने ऐकले आणि गाडी आत ढकलत नेली. वस्तादांनी मान वर केली नाही, पण त्यांच्या मिशीत काहीतरी हलल्यासारखे वाटले.

पुढचे दोन दिवस तिने कवच पुन्हा सगळे उतरवले. ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून बावीस चकत्या कापल्या आणि एकेका बोल्टखाली एकेक घातली. पट्ट्या सरळ केल्या, काचेच्या कडेला रबराची झालर लावली, डिक्कीच्या कड्यांना आतून जाड लोकरीचा नमदा चिकटवला. स्पीकरच्या मागची पोकळी तिने सगळ्या बाजूंनी बंद केली, आणि तिच्या लक्षात आले, की आता निम्म्याहून कमी आवाजातही सनई पूर्वीपेक्षा स्वच्छ उमटते आहे. एवढे मोठे स्पीकर लावून ते निम्मेच वाजवायचे, याची तिला गंमत वाटली. पण वाईट वाटले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघे आले. शेठांनी सवयीने हेल्मेटला हात घातला.

“तुम्ही नको,” शिष्या म्हणाली. “काकू, तुम्ही बसा मागं.”

घाट लागला. सनई हलकेच वाजत होती, इंजिन आपल्या ठेक्यात चालले होते. पहिले वळण गेले आणि शिष्येच्या कानाशी, अगदी स्वयंपाकघरात बोलावे इतक्या साध्या स्वरात, प्रश्न आला.

“माहेर कुठलं गं तुझं?”

“नदीपलीकडचं, काकू.”

“आणि लग्नाला किती दिवस झाले?”

“पाच महिने.”

“नवऱ्याची गाडी आहे?”

“आहे.”

“तिचे नट आधी आवळ.”

शिष्या इतकी हसली, की तिला दुसऱ्या वळणाआधी वेग कमी करावा लागला. आणि हसता हसताच तिला उमगले, की आपण मान न वळवता ऐकले, मान न वळवता उत्तर दिले, आणि या सगळ्यात सनईचा एकही सूर हरवला नाही. सनई ऐकून गल्ली बाहेर आली त्या दिवशी तिला जो अभिमान वाटला होता, तो तिला आता थोडा तंग झालेल्या पोलक्यासारखा वाटला. हा नवा मोठा होता आणि त्याला कोणी पाहणारे नको होते.

गॅरेजच्या दारात वस्ताद उभे होते. त्यांनी विचारले, “काय ऐकलंस?”

“काकूंनी माझं माहेर विचारलं.”

वस्ताद शेठांकडे वळून, टपरीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, “शेठ, मिस्त्रीबाईंच्या हातून किल्ली घ्या.”

तिने किल्ली दिली. शेठांनी ती घेतली, आणि या खेपेस तिला नमस्कार केला. दोघे गाडीवर बसले आणि निघाले. शिष्या दारात उभी राहून पाहत होती. बाजाराच्या कोपऱ्याजवळ शेठाणी किंचित पुढे झुकल्या. त्यांनी थापटले नाही, फक्त त्यांचे ओठ हलले. आणि गाडीमागचा ब्रेकचा लाल दिवा लागला.

आपला आवाज चांगला लागला आहे की नाही हे ज्याला पाहायचे असेल, त्याने एकदा तरी आपल्याच गाडीवर मागे बसावे.