साळूबाई आणि वॉकीटॉकीची जोडी

जंगलातले प्राणी नुकतेच वॉकीटॉकीवर बोलायला शिकले होते, त्या काळची गोष्ट. साळूबाई साळिंदर कंदमुळं उकरायला लांब जात असे. मागे राहिलेल्या पिल्लांशी बोलता यावं म्हणून ती त्यांना घेऊन कोल्ह्याकडे जोडी बघायला गेली.

"ही न्या वहिनी, आवाज थेट डोंगरापलीकडे जातो," कोल्हा म्हणाला. आवाज खरंच स्वच्छ होता. पिल्लं हरखली. पण तसलाच तिसरा वॉकीटॉकी कोल्ह्याच्या कमरेला दिसला आणि साळूबाईच्या मनात पाल चुकचुकली.

"दोन दिवस वापरून बघते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पिल्लांना पोटाशी घेऊन बिळातच बसली आणि वॉकीटॉकीवर म्हणाली, "बाळांनो, मी डोंगरापलीकडे आहे. यायला उशीर होईल. तुम्ही दोघंच घरात थांबा."

थोड्याच वेळात बाहेर पाचोळा वाजला. कोल्ह्याने बिळात तोंड घातलं, तर समोर साळूबाईचे ताठ काटे!

"मी... सहजच आलो होतो, वहिनी."

साळूबाईने जोडी त्याच्यापुढे ढकलली. "आवाज कुठवर जातो ते तुम्ही सांगितलंत, भाऊजी. कुणाकुणाला ऐकू जातो, ते मात्र सांगितलं नाहीत."