कूटकेतूची तीन कुलपे

एका राज्यात, जिथे पक्षी दरबारात साक्ष देत आणि नद्या राजाज्ञेने वळत, राजा मणिवर्मा हळूहळू दगड होत होता. कूटकेतू मांत्रिकाला त्याने प्रधानपद नाकारले. मांत्रिकाने त्याचा प्राण तीन कुलपांच्या पेटीत कोंडला. सात वर्षांत पाय गेले, हात गेले. आज सूर्यास्ताला कंठ जायचा होता!

कुलपांना किल्ली नव्हती. प्रत्येकावर एक चाळीस अंकी संख्या होती.

कूटकेतू म्हणाला होता, “ही कोणत्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार, ते सांगा. कुलूप गळेल. चुकाल, तर राजाचा चुरा होईल.”

मूळ संख्या म्हणजे एक आणि ती स्वतः, यांखेरीज कशानेही भाग न जाणारी हट्टी संख्या. दोन हट्टी गुणायला एक सकाळ पुरते. पण गुणाकारातून त्या परत काढायच्या? अहो, दरबारचे पंडित सात वर्षे भाग देऊन देऊन मेटाकुटीला आले होते!

इतक्यात मांत्रिकाच्या पिंजऱ्यातून निसटलेली मैना राजकन्या शर्वाणीच्या खांद्यावर बसली.

“राजकन्ये, सहा मूळ संख्या हव्या होत्या. त्याने तीनच शोधल्या. कंटाळला, आणि प्रत्येक दोनदा वापरली.”

“एकाच कुलपात दोनदा?”

“नाही. दोन निरनिराळ्या कुलपांत.”

शर्वाणी टाळी वाजवून उठली. “मग कोणत्याही दोन कुलपांत एक संख्या सामाईक आहे! पंडितजी, भाग देणे थांबवा. खडू द्या!”

तिने पहिल्या दोन कुलपांच्या संख्या फरशीवर मांडल्या. मोठीतून लहान जाईल तितक्या वेळा काढली. उरलेली बाकी लहानीतून काढली. पुन्हा बाकी, पुन्हा वजाबाकी! फरशी भरली, भिंती भरल्या, आणि अखेर बाकी शून्य आली. शून्याआधीची बाकी, तीच सामाईक संख्या!

“बाळ,” राजा कसाबसा म्हणाला, “चुकलीस तर?”

“ताळा केला आहे, महाराज.”

त्या संख्येने पहिल्या कुलपाला भागले, जोडीदार मिळाला. खण्ण! दुसऱ्याला भागले, खण्ण! आणि ते दोन जोडीदार, तेच तिसऱ्याचे! शर्वाणीने ते ओरडूनच सांगितले. सूर्य टेकला होता.

पेटी उघडली. तिकडे आपल्या गुहेत बसलेल्या कूटकेतूची, त्या पेटीत गुंतवलेली सारी विद्या तत्क्षणी विरली. पंडित आनंदाने एकमेकांच्या पगड्या उडवू लागले, नगारे वाजले.

राजाने मात्र आधी हात हलवून पाहिले. मग सिंहासन सोडून तो धावला आणि लेकीला घट्ट कवटाळून म्हणाला, “हात गेल्यापासून तू समोर रडायचीस ग, आणि मला तुझे डोळे पुसता येत नव्हते.”

आणि दरबारादेखत, दोन्ही हातांनी, त्याने ते पुसले.