शेवंतीचा लिलाव का अडला?

एका गावात रोज पहाटे फुलांचा लिलाव भरत असे. पूर्वी तो हाका मारून चाले. मग बाजाराचे कारभारी दत्तोबा यांनी शरयू नावाच्या हुशार मुलीकडून त्यासाठी संगणकाचा प्रोग्राम करून घेतला. बोली लागली की टोपलीच्या फोटोसह आकडा भिंतीवरच्या पडद्यावर झळके. शरयूचं गावभर कौतुक झालं, आणि ते तिला जरा जास्तच आवडलं.

दसरा जवळ आला, गर्दी वाढली आणि पडदा मधूनच गोठू लागला. बोली अडे, माणसं ताटकळत आणि टोपल्यांतली फुलं माना टाकत.

शरयू चक्रावली. प्रोग्राम ज्या व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे संगणकातल्या आभासी यंत्रावर चाले, ते मेमरीत साचलेला कचरा, म्हणजे वापरून झालेली माहिती, अधूनमधून काढायचं आणि मोठी सफाई करताना बाकी सगळं काम थांबवायचं. एवढं तिला ठाऊक होतं. म्हणून तिने मेमरी वाढवून दिली. सफाई कमी वेळा होऊ लागली खरी, पण झाली की लांबतच जाई. झाडायला अंगणही मोठं झालं होतं ना!

मग तिचा धीर सुटला. इंटरनेटवर कुणी काही सुचवलं की ती ते करून पाही. सफाईची पद्धत बदलली, वेळ बदलली, मेमरीचे भाग लहानमोठे केले, आणि तेही सगळं एकदम. एखाद्या पहाटे लिलाव सुरळीत चाले, दुसऱ्या पहाटे पुन्हा गोठे. का चालला आणि का गोठला, काहीच उमगेना. बिचारीच्या डोक्याचा पार भुगा झाला.

शेवटी दत्तोबा म्हणाले, "पोरी, उद्या अडलं तर परवापासून पुन्हा हाका. फुलं कुणासाठी थांबत नाहीत."

शेवंती विकायला आलेल्या सावित्राबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, "ताई, परवा चांगलं चाललं होतं की. मग काल काय बदललंत?"

शरयू बोटांवर बदल मोजू लागली आणि मध्येच चुकली. तिला सांगताच येईना. तिला स्वतःचीच फार लाज वाटली.

घरी जाऊन तिने सगळं होतं तसं करून टाकलं. मग कशालाही हात न लावता ती खोट्या बोली लावत मेमरीकडे नुसती बघत बसली. तेव्हा दिसलं, की एक बोली लागली तरी तिचा प्रोग्राम बाजारातल्या सगळ्या टोपल्यांचे फोटो नव्याने आणत होता आणि जुने टाकून देत होता. कचरा करत होती ती, आणि चिडत होती झाडणाऱ्यावर.

तिने फोटो एकदाच आणून ठेवायची सोय केली आणि पाहिलं. मग झाडायचं अंगण लहान व्हावं म्हणून मेमरी थोडी कमी केली आणि पुन्हा पाहिलं. तिथेच ती थांबली.

दुसऱ्या पहाटे पडदा गोठला नाही. सावित्राबाईंची शेवंती टवटवीत असतानाच विकली गेली.

दत्तोबा खुशीत येऊन म्हणाले, "आता आणखी थोडं पळव की."

शरयूचा हात कळफलकाकडे गेला. तिने तो मागे घेतला.

"काका," ती म्हणाली, "अडतंय कुठे, ते आधी दाखवा."

तात्पर्य: दुखणं कुठे आहे ते पाहिल्याशिवाय औषध देऊ नये, आणि दिलंच तर एका वेळी एकच द्यावं, नाहीतर बरं वाटलं तरी कशाने वाटलं ते कळत नाही.