बासरीवाल्याचा बंब

तुमच्या-माझ्या पणज्यांच्याही आधीची गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि ज्यांना सगळं कळतं असं वाटतं त्या थोरांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी.

उंच डोंगरात एक गाव होतं. तिथे थंडी अशी, की पाणी अंगावर घ्यायचं म्हटलं तरी जीव नकोसा व्हायचा. पण गावामागच्या कड्यातल्या भेगेतून एक कुजक्या वासाचा, ठिणगीने पेट घेणारा जळता वारा निघायचा. लोक तो बांबूच्या नळ्यांतून घरोघर आणत आणि न्हाणीतल्या तांब्याच्या बंबाखाली पेटवत.

गावाचा एक नियम होता. नळी जोडली की तिच्यात भात्याने साधी हवा भरायची, टोकाला पातळ कातड्याचा फुगा बांधायचा आणि रात्रभर सोडून द्यायचं. सकाळी फुगा टणक असेल, तर सांध्यांना रिठ्याचा फेस लावून पाहायचा. कुठेच बुडबुडा आला नाही, तरच जळता वारा आत घ्यायचा. तोवर घरात चूल नाही की दिवा नाही.

त्या गावात एक म्हातारा बासरीवाला राहायचा. बायको केव्हाच गेली होती. एकुलती एक लेक, शेवंता, खिंडीपलीकडे दिली होती. खिंड बर्फाने बंद असायची, आणि उघडली तरी संसार तिला सोडायचा नाही. म्हातारा रोज संध्याकाळी ओट्यावर बसून खिंडीकडे बघायचा. दिसायचं काही नाही, तरी बघायचा.

एक दिवस मेंढपाळ निरोप घेऊन आला, "उद्या शेवंता येतेय."

म्हातारा हरखून गेला. मग त्याला आठवलं, या पोरीला गार पाण्याचं भारी वावडं. तिची आई पहाटे उठून लाकडं जाळायची. आता त्याच्याने लाकडं आणवत नव्हती. त्याने बांबू काढले, लाख वितळवली आणि दिवसभर खपून नळी जोडली.

शेजारी एक जोडारीण राहायची. साऱ्या गावाच्या नळ्या तीच जोडायची. ती म्हणाली, "दादा, फुगा बांधून ठेवा. सकाळी मी बघते."

सकाळी म्हाताऱ्यानेच आधी पाहिलं. फुगा मऊ पडला होता. आता सगळे सांधे उकलायचे, म्हणजे आणखी एक रात्र जाणार. आणि शेवंता तर आज येणार!

"गारठ्याने पडला असेल मऊ," तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याने नळीला कान लावला. "जन्मभर बांबूत फुंकर घातली मी. वारा निसटला तर आवाज करणारच." आवाज आला नाही. शहाण्याने जोडारणीला हाक मारायची सोडून कड्याजवळची, वारा अडवणारी खुंटी उघडली.

पोरीला गारठा लागू नये म्हणून त्याने दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि चकमक हातात धरून बंबाजवळ बसून राहिला. तिच्या डोळ्यांदेखत पेटवायचा होता ना! सुरुवातीला त्याला कुजका वास आला. मग येईनासा झाला. त्याला वाटलं, गेला. वास कुठला जातो? नाक सरावलं होतं त्याचं.

संध्याकाळी पावलं वाजली. शेवंताने दार ढकललं आणि उंबऱ्यातच थबकली.

"आबा, हातातलं खाली ठेवा. बाहेर या."

"आधी तू आत ये गं. गारठली असशील. बघ, तुझ्यासाठी बंब..."

"मी आत येणार नाही. तुम्ही या."

इतक्या वर्षांनी आली, आणि उंबरा ओलांडत नाही? पेटता बंब पाहिला की येईल, असं वाटून म्हाताऱ्याने चकमक झाडायला हात उचललासुद्धा.

"आबा," ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "मी बंबासाठी आले नाही. तुमच्यासाठी आले. या ना बाहेर."

ते ऐकून त्याचा हात खाली आला. चकमक तिथेच ठेवून तो बाहेर गेला.

शेवंताने जोडारणीला हाक मारली. कड्याकडची खुंटी बंद झाली. दारं-खिडक्या सताड उघडल्या. घर पुरतं मोकळं झाल्यावर जोडारणीने नळीत भात्याने हवा भरली आणि बंबामागच्या सांध्याला फेस लावला. बुडबुडे फुगत गेले, एकामागून एक, अगदी गुपचूप. म्हातारा बघत राहिला.

"हा वारा तर निसटताना काहीच बोलत नाही गं," तो म्हणाला.

शेवंता रात्री जोडारणीकडे निजली. सकाळी खिंडीवर ढग उतरू लागले. तिने गार पाण्याने तोंड धुतलं, आबांच्या पाया पडली आणि खिंड बंद व्हायच्या आत निघाली. ती दिसेनाशी झाली तरी म्हातारा ओट्यावरून हलला नाही.

मग त्याने सगळी नळी उकलली आणि नव्याने जोडली. फुगा रात्रभर टणक राहिला, फेस साधा हललाही नाही. जोडारणीने मान डोलावली, तेव्हाच बंब पेटला. पुढे कितीतरी हिवाळे गेले. दरवर्षी खिंड उघडायच्या सुमारास तो नळी पुन्हा तपासायचा आणि खिंडीकडे बघत बसायचा.

एका संध्याकाळी शेवंता आली. कडेवर तिची चिमुरडी होती. उंबऱ्यात थांबून तिने श्वास घेतला.

"आबा, कसलाच वास नाही."

"मग ये आत," म्हातारा म्हणाला. "पाणी केव्हाचं तापलंय."

ज्याची जन्मभर वाट पाहिली, त्याच्या जिवासाठी आणखी एक रात्र थांबण्याचा धीर धरावा.