बिबट्या आणि वैशाखातला गडगडाट

बिबट्याने फत्तेसिंगाची अर्धी शेपटी तोडून नेली आणि गंभीरगडच्या राजवाड्यात एकच हाहाकार उडाला!

फत्तेसिंग म्हणजे कुणी सरदार नव्हे हो. तो राजे दुर्जयसिंहांचा कुत्रा, आकाराने दुधीभोपळ्याएवढा. रणशूर, समशेर, तोफखाने आणि अजिंक्य हे त्याचे चार भाऊ त्याहूनही लहान. ही पाच शिकारी कुत्री आहेत अशी महाराजांची ठाम समजूत होती. प्रत्यक्षात सरडा दिसला तरी पाचही जणं महाराजांच्या जोड्यात लपत. पण शूरांनी घरात झोपायचं नाही, असा हुकूम होता. म्हणून बिचारी रात्रभर डोंगराकडेच्या बागेत भीतीने थरथरत पडत.

शेपटीचं खापर फुटलं त्यांना सांभाळणाऱ्या म्हाळू धनगराच्या डोक्यावर. महाराजांनी त्याला धान्याच्या कोठारात डांबलं आणि बजावलं, "आता एकाही कुत्र्याचा केस गेला, तर तुझी साठ मेंढरं सरकारजमा आणि तू राज्याबाहेर!"

दुसऱ्याच दिवशी म्हाळूची लेक हौसा दरबारात येऊन उभी राहिली.

"म्हाराज, ह्ये लई सोपं हाय. भोवतीनं बाभळीच्या काट्यांचं कुंपण घाला. आत वाघर लावा, आमी मेंढरांना लावतो तसलं जाळं. आन कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचं पट्टं बांधा. बिबट्या नरडंच धरतोय. एकदा खिळं टोचलं की पुन्यांदा फिरकायचा न्हाई!"

"शूर शिपायांना कोंडवाड्यात घालू?" महाराज कडाडले. "आणि खिळ्यांचे पट्टे? माझा समशेर फणस दिसेल फणस!"

"मग रातच्याला वाड्यात घ्या."

"उद्या म्हणशील पाळण्यात घाला! ते काही नाही. कुत्री उघड्यावरच झोपतील. कुंपण नको, साखळी नको, शेकोटी नको, पहारेकरीही नको. तरी बिबट्याने त्यांना शिवता कामा नये. आज रात्री करून दाखव, नाहीतर मेंढरं विसर!"

साठच्या साठ मेंढरांना हौसा नावाने हाक मारायची. ती वाड्याच्या ओसरीवर जाऊन डोकं धरून बसली. दुपार टळटळीत तापली होती. एवढ्यात असा काही गडगडाट झाला की ती दचकून उठलीच!

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. पण कौलांवरचे कावळे भर्रकन उडाले, पागेतल्या घोड्याने दावं तोडलं आणि भिंतीवरचं मांजर शेपूट फुगवून पसार झालं.

"वैशाखात गडगडतंय?" तिने दासीला विचारलं.

"ढगच म्हण बाई," दासी कुजबुजली, "जीव प्यारा असेल तर!"

तेवढ्यात वरच्या खिडकीतून महाराजांचा झोपाळलेला आवाज आला, "दिवाणजी, कसला हो आवाज?"

"ढग, महाराज!"

"आमच्या राज्यात गडगडाट फार. पाऊस मात्र थेंबभर नाही!" असं म्हणून महाराज पुन्हा उताणे झाले, आणि पुन्हा गडगडाट सुरू!

हौसाने तोंडात पदर कोंबला आणि पोट दुखेपर्यंत हसून घेतलं. मग तोंड धुऊन, शहाण्यासारखा चेहरा करून ती महाराजांपुढे गेली.

"म्हाराज, शिपाई तळावर आन सेनापती वाड्यात, ही कुटली रीत? आज तुमीबी बागंत झोपा."

"म्हणजे मी पहारा देऊ?"

"छ्या! तुमी निस्तं झोपायचं. बाकीचं म्या बघते."

दिवाणजींचा चेहरा पांढराफटक पडला. "नको महाराज, थंडी बाधेल!"

"वैशाखात?" महाराजांनी मिशीवर ताव दिला. "सेनापती बागेतच झोपणार!"

रात्री बागेत पलंग पडला. महाराजांच्या पोटाशी पाच शिकारी कुत्री मुटकुळं करून झोपली. हौसा आंब्याच्या झाडावर चढून बसली. चंद्र डोक्यावर आला आणि बागेच्या बुटक्या भिंतीवर दोन हिरवे डोळे चमकले! पाचही शूर चटकन पांघरुणात शिरले. हौसाचा जीव टांगणीला लागला, कारण महाराज अजून कुशीवर होते. बिबट्याने आत उडी टाकली. दोन पावलं पुढे आला...

आणि महाराज उताणे झाले!

"घर्रर्रर्र... फूऽऽऽ! घर्रर्रर्र...!"

बिबट्या जागीच थिजला. त्याने जन्मात असलं जनावर ऐकलं नव्हतं. पुढच्या 'घर्रर्र'ला तो आल्या वाटेने जो सुटला, तो डोंगरापलीकडे गेला!

सकाळी हौसाने सगळ्या दरबाराला पावलांचे ठसे दाखवले. येताना हात-हात अंतरावर, जाताना दहा-दहा हातांवर! पाचही कुत्री शाबूत होती.

"अच्छा! म्हणजे तू गुपचूप पहारेकरी ठेवलास!" महाराज गरजले. "अट मोडलीस!"

"न्हाई म्हाराज. पहारेकरी जागा असतोय. ज्यानं कुत्री राखली, त्यो गाढ झोपला हुता!"

"कोण तो?"

"वैशाखातला ढग!"

"ढग कधी झोपतो का?"

"ह्यो झोपला तरच गडगडतोय, म्हाराज! आन आता जागा हून माझ्याम्होरं हुबा हाय!"

दिवाणजींनी तर डोळेच मिटून घेतले. तेवढ्यात राणीसाहेब पुढे झाल्या.

"खरं बोलली पोर! अकरा वर्षांत काल मला पहिल्यांदा झोप लागली!"

"म्हणजे," महाराज चाचरले, "अकरा वर्षं... ते ढग नव्हतेच?"

"गर्जेल तो पडेल काय, म्हाराज!" हौसा म्हणाली.

महाराजांचे कान लाल झाले. मिशा थरथरल्या. आणि मग ते असे खदाखदा हसले की शिकारी कुत्री घाबरून त्यांच्याच जोड्यात शिरली!

"पण पोरी," डोळे पुसत महाराज म्हणाले, "मी काय जन्मभर बागेत झोपू?"

"झोपा की! पर बिबट्यामागं सारा गावबी राज्य सोडून जाईल. त्यापरीस काट्यांचं कुंपण काय वाईट?"

महाराज पुन्हा हसत सुटले. त्यांनी म्हाळूला तिथल्या तिथे सोडलं, साठ मेंढरांवर आणखी साठ मेंढरं दिली आणि बागेत काटे, वाघर, खिळ्यांचे पट्टे सगळं आणायला माणसं पिटाळली. राणीसाहेबांनी हातातले सोन्याचे गोठ काढून हौसाच्या हातात चढवले.

"कुंपण चांगलं भक्कम घाल गं," त्या हळूच म्हणाल्या, "आणि महाराजांचा पलंग त्याच्या आतच राहू दे!"