नारळ कुठे फोडायचा?

महापौर उत्तमराव ढवणांनी मनाशी पक्कं केलं, की चौकातलं जुनं संग्रहालय टोलनाक्यापलीकडच्या माळावर हलवायचं. चौकातली जागा मोकळी झाली की तिथे मॉल उभा राहणार, हे शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण लोकांचं म्हणणं ऐकून घेणं भाग होतं, म्हणून जाहीर सभा भरली.

"माळावर ऐसपैस जागा आहे, पार्किंग आहे," महापौर गरजले. "गाडीत बसलात की पोचलातच! सगळं शहर आपणहून तिथे लोटेल. आहे कुणाची हरकत?"

वकील मालतीबाई देवकुळे उठल्या. आता जोरदार भांडण जुंपणार, असं सगळ्यांना वाटलं. पण बाई गोड हसून म्हणाल्या, "माझी काहीच हरकत नाही, साहेब. फक्त एक विनंती आहे. दर निवडणुकीत तुम्ही प्रचाराचा नारळ संग्रहालयाच्या पायरीवर फोडता. यंदा तो माळावर फोडा आणि पहिली सभाही तिथेच घ्या."

"काहीतरीच काय, वकीलबाई!" महापौर उसळले. "निवडणूक तोंडावर आलीय. तिथे माझं भाषण ऐकायला काळं कुत्रं तरी फिरकेल का?"

सभागृह जे हसत सुटलं, ते थांबेचना.

हसू ओसरल्यावर मालतीबाईंनी शांतपणे विचारलं, "मग साहेब, संग्रहालयातल्या मूर्तींनीच तुमचं काय घोडं मारलंय?"

पुढच्या महिन्यात त्या पायरीवर दोन नारळ फुटले. आधी संग्रहालयाच्या दुरुस्तीचा, मग प्रचाराचा.