अर्धा कप चहा

भांडी बोलायची आणि बायका दमायच्या, त्या काळची गोष्ट. शेवंताने दोन बर्नरची शेगडी माळ्यावर टाकली आणि खानावळीत असते तसली मोठी भट्टी घरात आणली. शेजारणी बघून गेल्या.

संध्याकाळी ती कामावरून आली, पाय सुजलेले. तिने स्वतःपुरता अर्धा कप चहा ठेवला. भट्टी भडकली आणि चहा आटून गेला.

"अगं, जरा बारीक हो," पातेली म्हणाली. "माझं बूड जाईल."

"आमच्यात कुणी बारीक होत नाही. पन्नास माणसं बोलवा, मग बघा माझं काम."

"पन्नास माणसांचं रांधूनच आलेय मी," शेवंता म्हणाली.

तिने भट्टी बंद केली, स्टूल ओढलं आणि माळ्यावरून शेगडी उतरवली.

"दमलीस ना?" शेगडी म्हणाली. "बस. अर्धाच कप ना?"